छतावरचं सोलर : किती पैसे वाचतील, हे बिल हातात घेऊनच काढा



एरवी आपल्या मेसेजमध्ये बोंडअळी, तुरीची फवारणी, हरभऱ्याचं पाणी हे विषय असतात. आजचा विषय घरच्या लाईट बिलाचा आहे. महिनाभरात बऱ्याच सभासदांनी सोलरचं कोटेशन मोबाईलवर पाठवून एकच प्रश्न विचारला : "लावायचं म्हणतो, किती वाचंल?"

प्रत्येकाला एकच उत्तर देता येत नाही, कारण ते तुमच्या बिलावर अवलंबून आहे. हिशेब मात्र अवघड नाही. मेसेज लांब आहे, म्हणून सावकाश वाचा. जवळ महावितरणचं शेवटचं बिल, पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर ठेवा.

*आधी माझी चूक सांगतो*

सेलू तालुक्यात माझ्या मोठ्या काकांचं घर आहे. त्यांनी ३ किलोवॅटचं सोलर घ्यायचं ठरवलं आणि हिशेब मला करायला सांगितला. मी कागदावर मांडलं : ३ किलोवॅट महिन्याला ३३० युनिट वीज देणार, एका युनिटचे साडेबारा रुपये, म्हणजे महिन्याला ४ हजारांच्या वर आणि वर्षाला जवळपास ५० हजार. अनुदान वजा जाता खर्च १ लाख १२ हजार. "काका, सव्वादोन वर्षांत पैसे वसूल," असं मी छातीठोक सांगून टाकलं.

काकांनी त्या भरवशावर बँकेचं कर्ज काढलं. वाचलेल्या पैशातून दोन एकरांत ठिबक टाकायचं ठरवलं. वर्ष संपलं तेव्हा बचत निघाली २४-२५ हजारांची. काका रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "काहून रे बाबू, डिप्लोमा केला ना तू? साधं बिल वाचता नाही आलं?" ठिबक त्या वर्षी राहिलंच.

पॅनल खराब नव्हते. वीज जेवढी सांगितली होती तेवढी तयार झाली. चूक माझ्या गुणाकारात होती. तयार झालेल्या प्रत्येक युनिटला मी सगळ्यात महाग दर लावला होता. गावात फिरणारे बरेच विक्रेतेही हाच गुणाकार करून दाखवतात. म्हणून हा मेसेज.

*१) बिलावर काय पाहायचं*

खालची एकूण रक्कम आत्ता सोडून द्या. या चार गोष्टी शोधा :

• एकूण वापर, म्हणजे त्या महिन्याचे युनिट.
• मागच्या महिन्यांचा वापर. तो बिलावरच दिलेला असतो. महावितरणच्या मोबाईल ॲपवरही जुनी बिलं दिसतात. बारा महिन्यांचे आकडे पाहिजेत, एका महिन्यावरून हिशेब करू नका.
• स्थिर आकार. एक युनिटही वापरलं नाही तरी हा लागतोच. सोलर लावल्यावरही तो लागतो.
• ग्राहकाचं नाव. बऱ्याच घरांत मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. अनुदान ज्याच्या नावावर वीज जोडणी आहे त्यालाच मिळतं. नाव बदलायचं असेल तर ते काम आधी करा, सोलरचा अर्ज नंतर.

शेतातल्या पंपाचं बिल या हिशेबात धरू नका. ७.५ एचपीपर्यंतच्या कृषी पंपांना मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजनेत एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं मोफत वीज आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजनाही वेगळी आहे. त्यात शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के. त्या पंपाचे पॅनल घरच्या मीटरला जोडलेले नसतात. आज आपण फक्त घराच्या छताबद्दल बोलतो आहोत.

*२) सगळ्या युनिटचा दर एक नसतो*

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिले १०० युनिट स्वस्त. १०१ ते ३०० युनिट जवळपास दुप्पट महाग. ३०० च्या वर आणखी महाग.

वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटला सहा रुपयांच्या आसपास पडतात, १०१ ते ३०० ला अकरा रुपयांच्या आसपास. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागतं. दर मधूनमधून बदलतात, म्हणून तुमच्या ताज्या बिलावरचेच आकडे घ्या. आजच्या उदाहरणासाठी आपण शुल्क धरून असे गोल आकडे घेऊ :

पहिले १०० युनिट : ७ रुपये
१०१ ते ३०० युनिट : साडेबारा रुपये

सोलरची वीज तुमच्या वापरातून वजा होते तेव्हा वरचे महाग युनिट आधी कमी होतात. ते संपल्यावर स्वस्त युनिट कमी होतात. तेही संपले की पुढची वीज तुमच्या कामाची राहत नाही, ती महावितरणकडे जाते.

पऱ्हाटीला युरिया दिल्यासारखंच आहे हे. पहिली बॅग पिकाला लागते, झाड उभं राहतं. दुसऱ्या बॅगेचा फायदा त्याहून कमी. तिसरी बॅग टाकली तर झाड नुसतं पाल्यावर जातं, बोंडं तेवढी वाढत नाहीत. बॅगची किंमत मात्र तिन्ही वेळा तेवढीच. सोलरचा पहिला किलोवॅट, दुसरा किलोवॅट आणि तिसरा किलोवॅट यांचंही तसंच.

*३) आपल्याकडे १ किलोवॅट किती युनिट देतो*

विक्रेते साधारण दिवसाला ४ युनिट, महिन्याला १२० असं सांगतात. हे खोटं नाही. पण धूळ, ऊन, ढग आणि लाईट जाणं धरून मी थोडं कमी धरतो : वर्षाला १३२० युनिट, म्हणजे सरासरी महिन्याला ११०.

ही वीज बाराही महिने सारखी नसते. आपल्या वर्धा जिल्ह्यासाठी ढोबळ अंदाज असा धरा (१ किलोवॅटसाठी, युनिटमध्ये) :

एप्रिल १३०, मे १३०, जून १०५
जुलै ८०, ऑगस्ट ८०, सप्टेंबर ९५
ऑक्टोबर ११५, नोव्हेंबर ११०, डिसेंबर ११०
जानेवारी ११५, फेब्रुवारी ११५, मार्च १३५

एक गैरसमज दूर करतो. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. मे महिन्यात पॅनल तापतो तशी त्याची वीज थोडी कमी होते. म्हणून उन्हाळा कडक असला तरी मेचा आकडा मार्चपेक्षा कमीच धरला आहे. आणि हे सगळं सावली नसेल तर. कडुनिंबाची फांदी, पाण्याची टाकी, शेजारचा मजला यांची सावली दिवसातून दोन-तीन तास जरी पॅनलवर आली तरी वीज बरीच घटते.

*४) नेट मीटर आणि ३१ मार्च*

छतावरच्या सोलरला महावितरण नेट मीटर लावतं. दिवसा जास्तीची वीज तारेत जाते, रात्री तुम्ही तारेतून घेता, महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते. एखाद्या महिन्यात तुमची वीज जास्त झाली तर ते युनिट पुढच्या महिन्यात तुमच्या नावावर जमा राहतात.

पण ही जमा कायमची नाही. आर्थिक वर्ष संपलं, म्हणजे ३१ मार्च आला, की उरलेल्या युनिटचे पैसे करून खातं शून्यावर येतं. आणि ते पैसे तुम्ही वीज घेता त्या दराने मिळत नाहीत, त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतात. हा दर वीज नियामक आयोग ठरवतो. आपण हिशेबापुरते युनिटला अडीच रुपये धरू.

आता आपल्या विदर्भाचा वापर आठवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखेही बंद असतात. वापर कमी, आकाश स्वच्छ, सोलर जोरात. युनिट जमा होत जातात. आणि एप्रिलमध्ये कूलर सुरू व्हायच्या तोंडावर ३१ मार्चला ती जमा संपते. हिवाळ्यात साठवलेले युनिट मे महिन्याच्या कूलरला कामी येत नाहीत. "हिवाळ्यात साठवा, उन्हाळ्यात वापरा" असं कोणी सांगत असेल तर त्याला ३१ मार्चचं काय, हे विचारा.

*५) काकांच्या घराचा खरा हिशेब*

सात माणसं, दोन कूलर, फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर. वर्षाचे युनिट (आकडे गोल केले आहेत) :

एप्रिल २६०, मे ३००, जून २४०
जुलै १७०, ऑगस्ट १६०, सप्टेंबर १७०
ऑक्टोबर १६०, नोव्हेंबर १२०, डिसेंबर ११०
जानेवारी ११०, फेब्रुवारी १२०, मार्च १८०

एकूण : २१०० युनिट.

आता दोन ढीग करा. दर महिन्याचे पहिले १०० एका बाजूला : १२ महिन्यांचे १२०० युनिट. वरचे सगळे दुसऱ्या बाजूला : ९०० युनिट.

१२०० गुणिले ७ = ८,४०० रुपये
९०० गुणिले १२.५० = ११,२५० रुपये
एकूण १९,६५० रुपये. स्थिर आकार यात नाही, कारण तो वाचणारच नाही.

इथेच माझी चूक उघडी पडते. काकांचं युनिटचं वर्षभराचं बिलच १९,६५० होतं. मी त्यांना ५० हजार वाचवून देणार होतो! जेवढं बिल येतच नाही तेवढं वाचणार कुठून?

आता सोलर. आजकालच्या कोटेशनवरून ढोबळ किंमत धरू : १ किलोवॅट ६५ हजार, २ किलोवॅट १ लाख ३० हजार, ३ किलोवॅट १ लाख ९० हजार. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत अनुदान असं आहे : १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार. त्याच्या वर नाही.

महिन्या-महिन्याची वजाबाकी करून काकांच्या घरासाठी हे निघालं :

१ किलोवॅट : खर्च ३५ हजार, वर्षाची बचत साधारण १३,४५० रुपये
२ किलोवॅट : खर्च ७० हजार, बचत साधारण २०,६४० रुपये
३ किलोवॅट : खर्च १ लाख १२ हजार, बचत साधारण २४,३०० रुपये

(खर्च अनुदान वजा करून, बचत ३१ मार्चला मिळणारे पैसे धरून.)

वरवर पाहिलं तर ३ किलोवॅटची बचत सगळ्यात जास्त दिसते. पण एकेक किलोवॅट वेगळा काढून पाहा :

पहिला किलोवॅट : ३५ हजार घातले, वर्षाला १३,४५० आले. पावणेतीन वर्षांच्या आत वसूल.
दुसरा किलोवॅट : आणखी ३५ हजार घातले, वर्षाला ७,१९० जास्त आले. पाच वर्षांत वसूल.
तिसरा किलोवॅट : आणखी ४२ हजार घातले, वर्षाला फक्त ३,६६० जास्त आले. साडेअकरा वर्षं.

पहिल्या किलोवॅटने साडेबारा रुपयांचे युनिट कापले. दुसऱ्याने बहुतेक सात रुपयांचे. तिसऱ्याने तयार केलेली जवळपास सगळी वीज अडीच रुपयांनी गेली. तिसरी बॅग पाल्यावर गेली ती अशी.

काकांना २ किलोवॅट बरोबर होतं. ते ४२ हजार हातात राहिले असते तर ठिबक त्याच वर्षी झालं असतं.

*६) घर छोटं, वापर ८० युनिट*

आपल्या बऱ्याच सभासदांचं बिल असंच आहे. महिन्याला ८० युनिट, वर्षाला ९६०. सगळे स्वस्त टप्प्यातले. युनिटचं वर्षाचं बिल ६,७२० रुपये.

१ किलोवॅट लावलं तर तेवढे ६,७२० वाचतील आणि उरलेल्या युनिटचे ९०० रुपये मिळतील, एकूण ७,६२०. खर्च ३५ हजार. साडेचार-पावणेपाच वर्षांत वसूल. वाईट नाही.

आता याच घराला कोणी ३ किलोवॅट घ्यायला लावलं तर? खर्च १ लाख १२ हजार. बिलातून वाचणार तेच ६,७२०. बाकी ३००० युनिट अडीच रुपयांनी जाणार, त्याचे ७,५०० रुपये वर्षातून एकदा. एकूण १४,२२०. हे सगळं कर्जाने घेतलं आणि ७ टक्के व्याज, दहा वर्षं मुदत धरली तर हप्ता महिन्याला साधारण १,३०० रुपये, वर्षाला १५,६००. म्हणजे वर्षाला १४ हजार आले आणि साडेपंधरा हजार गेले. आधी महिन्याला सातशे रुपये बिल होतं, आता तेराशे रुपये हप्ता. "बिल शून्य" झालं आणि खिसाही.

सातारा जिल्ह्यातलं मान्याची वाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. तिथे घरांवर साधारण १ किलोवॅटचेच संच आहेत. अख्खं गाव सोलरवर यायला प्रत्येक घराला ३ किलोवॅट लागलं नाही.

दारिद्र्यरेषेखालच्या आणि १०० युनिटच्या आत वापर असलेल्या आर्थिक दुर्बल घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' ही योजना आणली आहे. केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचं जादा अनुदान त्यात मिळतं. तुम्ही त्यात बसत असाल तर आधी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात चौकशी करा, मगच विक्रेत्याशी बोला.

*७) हिशेबात न दिसणाऱ्या गोष्टी*

• अनुदान नंतर येतं. संच बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर पैसे तुमच्या बँक खात्यात जमा होतात. तोपर्यंतची पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. कापूस विकायच्या आधी हा व्यवहार अंगावर घेत असाल तर विचार करा.

• लाईट गेली की सोलरही बंद. नेट मीटरचा साधा संच तारेत वीज नसेल तर आपोआप थांबतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. लोडशेडिंगसाठी सोलर घेत असाल तर बॅटरीवाला संच लागेल, त्याची किंमत आणि हिशेब दोन्ही वेगळे.

• पॅनलची वॉरंटी साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची नाही. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल असं धरा. देखभालीसह वर्षाला हजार-दीड हजार रुपये बाजूला काढा आणि बचतीतून वजा करा. काकांच्या घरी २ किलोवॅट असतं तर बचत २०,६४० ऐवजी १९ हजारच धरायची. मग ७० हजार वसूल व्हायला पावणेचार वर्षं लागतात.

• छप्पर पाहा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा पाहिजे, तोंड दक्षिणेकडे. स्लॅब सगळ्यात चांगला. टिनाच्या छपराला खालचे अँगल मजबूत आहेत का ते बघा. कवेलूच्या घरावर पॅनल ठेवू नका. स्टँडचा खर्च कोटेशनमध्ये धरला आहे का, विचारा.

• धूळ. सोयाबीन आणि तुरीची मळणी चालू असते तेव्हा छतावर भुशाचा थर बसतो. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी गार असताना साध्या पाण्याने धुवा. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे डाग राहतात, फडक्याने पुसून घ्या.

• माकडं आणि वीज. दोन्ही आपल्याकडे भरपूर. वायर पाईपमधूनच न्यायला सांगा. अर्थिंग आणि वीजरोधक कोटेशनमध्ये लिहून घ्या.

*८) सोलरच्या आधी पंखा*

हे ऐकून काही जण हसतील, पण हिशेब बघा. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. ते साडेबारा रुपयांचे असतील तर एका पंख्यामागे २०० रुपये. तुमचा वापर १०० च्या थोडाच वर असेल तर दोन-तीन पंखे बदलूनच तुम्ही उन्हाळ्यापुरते स्वस्त टप्प्याच्या जवळ याल. आधी वापर कमी करा, मग उरलेल्या वापरापुरतं सोलर घ्या.

उलटंही बघा. पुढच्या वर्षी घरात एसी, इलेक्ट्रिक स्कूटर किंवा गोठ्यात कडबा कुट्टी मशीन येणार असेल तर ते युनिट आत्ताच धरा. "पुढे कधीतरी लागेल" म्हणून मात्र किलोवॅट वाढवू नका.

*९) तुमचा हिशेब, सहा ओळींत*

१. बारा महिन्यांचे युनिट लिहा आणि बेरीज करा.
२. बेरजेला १३२० ने भागा. काकांचं उत्तर १.६ आलं, म्हणून २ किलोवॅट. ८० युनिटवाल्या घराचं ०.७ आलं, म्हणून १ किलोवॅट. उत्तर दीडच्या खाली असेल तर १, अडीचच्या खाली असेल तर २.
३. दर महिन्याचे पहिले १०० युनिट वेगळे, वरचे वेगळे. दोन्ही बेरजांना बिलावरचा त्या-त्या टप्प्याचा दर लावा, १६ टक्के शुल्क धरा. ही तुमची जास्तीत जास्त बचत. यापेक्षा खूप मोठा आकडा कोणी सांगितला तर तो कसा काढला ते विचारा.
४. त्यातून देखभालीचे दीड हजार वजा करा.
५. कोटेशनच्या रकमेतून अनुदान वजा करा आणि उरलेल्या रकमेला चौथ्या ओळीच्या आकड्याने भागा. पाचच्या आत वर्षं आली तर चांगलं. सातच्या वर आली तर किलोवॅट कमी करून पुन्हा मांडा.
६. कर्ज असेल तर वर्षाचा हप्ता चौथ्या ओळीच्या आकड्यापेक्षा कमीच पाहिजे.

बचत धरताना हात आखडता ठेवा. विजेचे दर वर जातात तसे खालीही येऊ शकतात, नेट मीटरचे नियमही बदलू शकतात. अर्ज करायच्या दिवशी जो नियम चालू आहे तो महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

*सही करण्याआधी विक्रेत्याला हे पाच प्रश्न*

१. तुमचं नाव पीएम सूर्यघर पोर्टलच्या नोंदणीकृत यादीत आहे का? मोबाईलवर दाखवा.
२. पॅनलमधले सेल भारतात बनलेले आहेत का? तसे नसतील तर अनुदान मिळत नाही.
३. पाच वर्षांची देखभाल तुम्ही करणार, हे करारात लिहिलं आहे का?
४. माझ्या बारा महिन्यांच्या बिलावरून बचत काढून द्याल का?
५. किलोवॅट एकाने कमी केला तर माझी बचत किती कमी होईल?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर जो नीट देईल त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. "साहेब, ऑफर आजच संपते" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि उद्या बोलवा. केंद्राच्या योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, आज रात्रीपर्यंत नाही.

सोलर लावू नका असं मी म्हणत नाही. महिन्याला दीडशे-दोनशे युनिट जाळणाऱ्या घराला यासारखी चांगली गुंतवणूक आपल्या भागात कमीच. फक्त आकार आपल्या बिलाच्या मापाचा पाहिजे. बियाणं एकराच्या हिशेबाने घेतो, तसंच हेही.

ज्यांना हिशेब जमत नसेल त्यांनी बारा महिन्यांचे युनिट कागदावर लिहून फोटो याच नंबरवर पाठवावा, किंवा बिलं घेऊन कंपनीच्या कार्यालयात यावं. आपण सोबत बसून मांडू. या वेळी गुणाकार मी दोनदा तपासतो.

काकांचं ठिबक यंदा झालं. पाहायचं असेल तर सांगा, शेतातच शिवारफेरी ठेवू.

तुमचा,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी, वर्धा

(मेसेज घरच्या ताईंनाही वाचून दाखवा. कोणता पंखा किती तास चालतो, हे त्यांनाच जास्त माहीत असतं.)